दोन बहिणी, चार नावं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

अब्बांनी निलंग्याहून दुकानातली मापांची एक कोरी वही पाठवली. प्रत्येक पानावर वर छापलंय: नाव, छाती, कंबर, बाही, उंची. त्याखाली मी माझे दिवस लिहिणार. आमच्या घरात उर्दू वाचतात आणि मराठी वाचलीच तर छापील. माझं हाताचं अक्षर कुणाला लागत नाही. त्यामुळे इथं खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं, की आज मी स्वतःवर बेहद्द खूश आहे.

लातूरच्या या लॅबमध्ये, जनुकीय विभागात, मला सहा महिने होत आले. उजळंबे मॅडम सोडल्या तर विभागात डोकं असलेलं माणूस मीच. (हेही फक्त इथंच लिहिता येतं.) महिनाअखेरीस कायम झाल्याचं पत्र मिळायचंय.

दुपारी नांदेडहून सटवाजीमामा बर्फाचा डबा घेऊन आले. मामा म्हणजे उमरीकडचे, पंचावन्नच्या पुढचे, गावोगावचे नमुने गोळा करून एसटीनं आणतात. तोंडात कायम तंबाखू आणि अक्षर कोंबडीच्या पायाचं. डब्यात दोन बाटल्या होत्या. दोन गरोदर बायांच्या वारेचे तुकडे, बाराव्या आठवड्यात सुईनं काढलेले. त्यातून पोटातल्या बाळाला थॅलेसेमिया आहे की नाही ते सांगायचं. असला तर बाळाचं स्वतःचं रक्त नीट तयारच होत नाही. दर वीस दिवसांनी दुसऱ्याचं चढवायचं, जन्मभर. या दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. आत्याच्या घरात दिलेल्या, त्यामुळे दोन्ही जोडप्यांत नवरा-बायको दोघांच्याही रक्तात तो दोष. घरातली एक चार वर्षांची पोरगी आधीच रक्तावर आहे.

घोळ नावांचा होता. बाटल्यांवर वर्षाराणी शंकरप्पा आणि शिवकांता शंकरप्पा. ही माहेरची नावं. दोघी दिवाळीला माहेरी आल्या त्या राहिल्याच, नमुना नांदेडला काढला, तिथं सोनोग्राफीला आधार कार्ड लागतं आणि आधार कार्ड लग्नाआधीचं. पण सप्टेंबरात शिरूर अनंतपाळहून आलेलं त्यांचं रक्त आमच्या फ्रीजमध्ये आहे ते सासरच्या नावांनी: महानंदा संगप्पा बिरादार आणि समीक्षा भीमाशंकर बिरादार. बाळाचा नमुना आईच्या रक्ताशी ताडून बघावाच लागतो. आता यातली कोण म्हणजे कोण?

नियम सांगतो, नाव जुळलं नाही तर नमुना बाजूला ठेवा आणि लेखी खुलासा मागवा. पुण्याकडची एखादी असती तर चार दिवस कागदांत घालवले असते आणि तोवर तुकडे वाया गेले असते. आमच्यात लग्नात नाव बदलत नाहीत, पण मी निलंग्यात वाढले. तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहितात आणि कालची सुनीता आजची भाग्यश्री होते, हे मी निम्म्या वर्गमैत्रिणींच्या लग्नात बघितलंय. मी सरळ दोन फोन केले.

पहिला उमरीकडं, त्यांच्या आईला. धोंडाबाई नाव. म्हटलं, "मावशी, मुलींची सासरची नावं काय?"

"ते मला न्हाई बसत तोंडात, बाई. जावयाच्या घरी काय बी म्हनू दे. मी आपली वर्षा आन् शिवी म्हन्ते."

"बरं, मोठी कोण?"

"वर्षाराणी. लई शानी हाय."

दुसरा फोन शिरूरला, संगप्पांना. मागं मळणीयंत्र चालू असावं, कान फुटायची वेळ. मोठ्यानं विचारलं, मोठ्या भावाची बायको कोण? "मीच थोरला! महानंदा माझी!" एवढं ऐकू आलं आणि फोन कटला.

झालं की. वर्षाराणी म्हणजे महानंदा, शिवकांता म्हणजे समीक्षा. पाच मिनिटांचं काम. नवीन लेबलं छापून बाटल्यांना लावली, लॅबच्या नोंदवहीतही सासरचीच नावं चढवली, म्हणजे पुढं घोळ नको. मामांनी डब्याच्या झाकणावर स्केचपेननं शि-म, व-स असलं काहीतरी खरडून ठेवलं होतं. त्यांची ही सवयच. स्पिरिटच्या बोळ्यानं झाकण लख्ख पुसलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळभर भिंगाखाली. तुकड्यात आईच्या गर्भाशयाचे लाल कपटे आणि बाळाकडचे पांढरे तंतू एकत्र येतात. चिमट्यानं कपटे काढून टाकायचे आणि तंतू ठेवायचे. पाण्यात सोडलेल्या शेवाळासारखे हलतात. एक कपटा राहिला तर बाळाऐवजी आईचा निकाल येतो. या कामात माझा हात मॅडमनाही आवडतो. अब्बांकडून आलाय तो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

निकाल आले. महानंदाच्या बाळात दोष दोन्हीकडून उतरलाय, म्हणजे आजार पक्का. समीक्षाच्या बाळात एकच, म्हणजे तिच्यासारखंच, धडधाकट.

वाईट वाटलं. संगप्पा थोरले, म्हणजे रक्तावर असलेली पोरगी त्यांचीच. त्याच घरात परत तेच.

एक बारीकशी कुरबुर आहे. नमुना ज्या बाईचा म्हणतो तिच्याच बाळाचा आहे ना, हे बघायला आम्ही पंधरा खुणा मोजतो. प्रत्येक खुणेला बाळाकडं दोन आकडे, एक आईचा, एक बापाचा. आईचा आकडा बाळात दिसलाच पाहिजे. समीक्षाच्या पंधराच्या पंधरा जुळल्या. महानंदाच्या चौदा. एका खुणेला तिचा आकडाच नाही. पण तिथला आलेख बुटका आहे, आमचं मशीन असले चाळे करतं कधी कधी. आणि नातं एवढं गुंतलेलं असल्यावर काय काय दिसेल सांगता येत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मॅडमनी पेन उघडून माझ्याकडं बघितलं. "ही पंधरावी खूण?"

"परत बघितली मॅडम. ठीक आहे."

परत बघितली हे खोटं नाही. स्क्रीनकडं परत बघितलं होतं. मशीनवर परत लावली नव्हती. लावायची म्हटली तर निकाल सोमवारवर गेला असता आणि मॅडम उद्यापासून संमेलनाला संभाजीनगरला. त्यांनी सही केली. दोन्ही अहवाल नांदेडच्या डॉक्टरांकडं गेले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

धोंडाबाईंचा फोन. मी तीन तारखेला केलेला नंबर त्यांनी ठेवून दिला होता.

"कागद चुकत न्हाई ना बाई? मशीनचं म्हन्ते मी. मशीन चुकतंय का कधी?"

"मशीन चुकत नाही, मावशी."

"डॉक्टरनं बुधवारी बोलीवलंय पोट खाली करायला. अजून चार-आठ दिस थांबलं तर?"

मी म्हटलं, ते डॉक्टरांना विचारा. मग त्या रडल्या आणि रडता रडता बोलतच राहिल्या. "दोन्ही लेकी एकाच घरात दिल्या, नंदंच्या. लोकं म्हन्ले लई बरं केलं, एकमेकीला व्हतील. धाकटीचं आधी उरकलं, थोरल्या भाच्याच्या मनात तीच व्हती. वर्षा नर्सिंग शिकून राहिली व्हती, तिचं मागून झालं, तिशीला टेकल्यावर. किती देवं केली तवा तिला दिस गेले. आता एक रडून राहिली म्हनून दुसरीला हसायची बी चोरी झाली, बाई."

मी हं हं करत ट्यूबवर नंबर टाकत होते. म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी ऐकणारं लागतं. का कोण जाणे, इथं सगळं उतरवून ठेवतेय.

फोन ठेवल्यावर मात्र पंधरावी खूण डोक्यातून जाईना. उद्या परत लावते. माझ्या समाधानासाठी.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नाही जुळत.

ताजं लावलं. आलेख चांगला उंच आला, स्वच्छ. चौदा जुळतात, एक नाही. महानंदाचा आकडा तिथं नाहीच. मशीनचे चाळे नाहीत.

मग मनात एक आलं. ज्या बाळाचा निकाल महानंदाच्या नावानं गेला, ते समीक्षाच्या रक्ताशी लावून बघितलं. पंधराच्या पंधरा. आणि दुसरं बाळ महानंदाशी लावलं. तेही पंधराच्या पंधरा. दोघी बहिणी, दोघे भाऊ, आतेमामेभावंडं. इतकं सगळं सारखं की अदलाबदल झालेली फक्त एका खुणेनं बोलली. आणि तिला मी गप्प केलं.

म्हणजे जिला आजारी बाळ सांगितलं तिचं चांगलं आहे. जिला चांगलं सांगितलं तिचं आजारी.

नांदेडला बाटल्या भरताना सटवाजीमामांनी उलटीपालटी केली असणार. दुसरं काय? एका हातात तंबाखूची पुडी, एका हातात बाटल्या. किती वेळा सांगितलं मी मॅडमना त्या माणसाबद्दल.

मॅडमना फोन लावायला घेतला आणि ठेवला. ही फोनवर सांगायची गोष्ट नाही. सोमवारी त्या येतील, तोवर मामांची चूक पुराव्यानिशी मांडते. बुधवारपर्यंत वेळ आहे. 

वेळ आहे हे मी आज किती वेळा स्वतःला सांगितलं ते लिहीत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर, निलंगा

घरी आले, पण जेवण गेलं नाही. अम्मीला वाटलं स्थळाचं टेन्शन आहे.

दुपारी गच्चीवर जाऊन मामांना फोन केला. तोल गेला माझा. म्हटलं, "बाटल्या तुम्ही बदलल्यात. दोन बायांचं वाटोळं केलंत."

मामा म्हणाले, "बाई, मी धा वर्षं हे काम करून राहिलो. त्या दोघींच्या बाटल्या माह्या हातानं भरल्या. माह्याच गल्लीतल्या पोरी हायत त्या, लहानपणापासून बघून राहिलो. म्या डब्यावर लिव्हून बी दिल्तं."

"डब्यावर काही नव्हतं."

"मग न्हाई तर न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला.

चोराच्या उलट्या बोंबा. उद्या तक्रार लेखीच देते.

अब्बा मशीनवर बसले होते. गिऱ्हाइकाचा सदरा कापायच्या आधी त्यांनी परत टेप लावला. मी म्हटलं, वहीत माप आहे ना? हसले. "बेटा, वही कपडा पहनती क्या? आदमी को बुलाना, पूछना, फिर कैंची." मग माझ्याकडं बघून कात्री खाली ठेवली. "कुछ गलत हुआ क्या? हमारे लोगां को दुगना ध्यान रखना पड़ता, तुझे मालूम." मी म्हटलं, माझ्याकडून नाही, दुसऱ्याकडून.

सोमवार, १७ नोव्हेंबर, एसटीत, लामजना गेलं

अक्षर हलतंय. लिहिल्याशिवाय बसवत नाही.

मामांच्या तक्रारीत तारीख, वेळ घालावी म्हणून ही वही उघडली. तीन तारखेचं पान. डब्याच्या झाकणावर शि-म, व-स.

शिवकांता-महानंदा. वर्षाराणी-समीक्षा.

त्यांनी लिहिलं होतं. मी पुसलं. स्पिरिटनं, लख्ख.

आणि पुढची पानं उलटली तर शुक्रवारच्या पानावर धोंडाबाई, माझ्याच अक्षरात: धाकटीचं आधी उरकलं, थोरल्या भाच्याच्या मनात तीच होती. वर्षाचं मागून. थोरली बहीण धाकट्या भावाच्या घरात. मला कुणी विचारलं होतं का, की मोठी बहीण मोठ्यालाच देतात? कुणीच नाही. मीच ठरवलं. मला त्यांचं सगळं माहीत होतं ना! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, इथं तर रिकामं व्हायला निघालंय ते दुसऱ्याचं.

बाटल्या कुणीच बदलल्या नव्हत्या. लेबलं मी बदलली.

मामांना फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला. म्हटलं, "मामा, शिवकांता म्हणजे महानंदा ना? थोरल्या भावाची?"

"मंग? तेच तर लिव्हलं व्हतं."

"मामा, चूक माझी आहे. बुधवारी तिचं..."

"बुधवारी कुठलं? आज हाय. धोंडाबाईची नात आज रक्त चढवायला येनार व्हती नांदेडला, संगप्पा म्हन्ला एकाच खेपंत दोनी करून घिऊ. डॉक्टरनं आजचं दिलं. सकाळच्या गाडीनं गेलेत."

मी उभीच राहिले गाडीत. शेजारची बाई म्हणाली, पोरी, औसा यायचाय अजून. मी ओरडत होते म्हणे. "मामा, तुम्ही कुठं आहात? पळा. तिला थांबवा. काहीही सांगा, पण थांबवा."

दवाखान्यात फोन लावला, तिथली मुलगी म्हणते डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, नंतर करा. नाव सांगितलं तर म्हणते, आजच्या यादीत आहे.

आता मॅडम. त्यांना सांगितलं म्हणजे सगळं सांगावं लागणार. शनिवारी मला कळलं होतं हेसुद्धा. एक क्षण असा आला की हे पान फाडलं तर झाकण पुसलंय, वही गेली, मामांचा शब्द विरुद्ध माझा, आणि मामांचा शब्द कोण धरतो. आला तो क्षण, खोटं कशाला बोलू. पानाचा फोटो काढला आणि मन फिरायच्या आत मॅडमना पाठवून दिला. मग फोन केला.

सगळी गाडी ऐकत होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, "शनिवारी?"

"हो मॅडम."

"डॉक्टरांना मी बघते. तू फोन मोकळा ठेव."

औसा.

तोच दिवस, ११.४०, लॅब

काही कळलेलं नाही. मॅडम केबिनमध्ये, दोन्ही कानांना फोन. नांदेडचे डॉक्टर अजून आतच आहेत. मामा उचलत नाहीत. मी फ्रीज उघडून त्या चार ट्यूब बघितल्या आणि परत लावला. या अल्लाह, मला काय करायचं ते कर, तिचं वाचू दे.

१२.२५

थांबलं.

तोच दिवस, संध्याकाळ

मामा लातूरला आले. चहा मी स्वतः करून दिला. ते कपाकडं बघत सांगत होते.

"मी नांदेडातच व्हतो, रिक्षानं दवाखान्यात गेलो तर तिथं ती न्हाईच. बाकावर नुसती पिशवी. म्हन्लं नेलं आत. तर संगप्पा म्हन्ला, ती पलीकडं सरकारी दवाखान्यात हाय, रक्ताच्या वार्डात. पळत गेलो. पोरगीच्या उशाला बसलेली, पिशवीकडं बघून राहिली. अर्धी उतरली व्हती. दवाखान्यातनं दोनदा बोलावनं आल्तं तिला. ती म्हन्ली, आधी या पोरीचं रक्त पुरं व्हऊ द्या, मग मी येते. पोरगी सुई बघून रडती, तिला सोडून कशी जाऊ."

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगनार? खाली बसलो फरशीवर, दम लागला व्हता. म्हन्लं, शिवे, तिकडं जाऊ नको. नाव चुकलंय."

मी माफी मागितली. नीट जमली नाही. ते म्हणाले, "काल बोल्लाव ते ऱ्हाऊ द्या. पन बाई, मी लिव्हलेलं पुसायच्या आधी एकदा इचारायचं व्हतं. मला लिव्हता येत न्हाई चांगलं, पन वळखता येतंय."

मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दोघी आल्या. फेरतपासणीला त्यांचं रक्त ताजं, आमच्या डोळ्यांसमोर काढायचं ठरलं. संगप्पा आणि भीमाशंकर खाली थांबले. मॅडम माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "चूक कशी झाली ते जिक्रा स्वतः सांगेल."

सांगितलं. लेबलं, झाकण, पंधरावी खूण, शनिवार. मॅडमनी मधे सावरलं नाही.

धाकटी, जिचं चांगलं आहे ती, फिकट, बारीक. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "चार रात्री मी पोटावर हात ठेवला न्हाई. नवरा म्हन्ला तरी न्हाई. म्हन्लं, जीव लावू नको, जायचंय ते." आणि मग बहिणीकडं बघून एकदम तोंडावर पदर घेतला. तिला आता कळलं होतं.

थोरलीला माझं पहिलं वाक्य संपायच्या आत कळलं होतं. नर्स ती. खुर्चीत ताठ बसलेली, पर्स मांडीवर. म्हणाली, "म्हणजे तिचा कागद माझा."

मॅडम म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत पक्कं बोलता येणार नाही."

"तुम्हाला बोलता येत न्हाई मॅडम. मला कळतंय." मग, कुणालाच उद्देशून नाही, "आम्ही पेढे वाटले. मी नको म्हणत होते, हिच्यासमोर कशाला. सासूबाईंनी उमरीला येऊन वाटले."

रक्त मीच काढलं. मनगट टेबलाला टेकवलं. नवा नियम मॅडमनी कालच केलाय: बाईनं आपलं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं, तिच्यासमोर ट्यूबवर लिहायचं.

"नाव सांगा."

थोरलीनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "कोणतं सांगू?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तिनं सांगितली. मी लिहिली. तिनं ट्यूब उजेडाकडं धरून वाचली आणि परत दिली.

जाताना धाकटी जिन्यात थांबली. थोरलीनं तिचा हात धरला आणि तो उचलून तिच्याच पोटावर ठेवला. "ठेव," म्हणाली. "आता काय चोरी हाय?"

गुरुवार, २० नोव्हेंबर

पंधरा आणि पंधरा. मॅडमनी नवे अहवाल केले, जुने रद्द केल्याचं पत्र केलं, झालेल्या चुकीची नोंद केली. नोंदीला या वहीच्या तीन पानांच्या झेरॉक्स जोडल्या. आता माझं अक्षर कुणालाही लागेल. कायम करायचं पत्र नाही. राहायचं की जायचं ते महिनाअखेरीस वरचे ठरवतील. मॅडम एवढंच म्हणाल्या, "चुकलीस त्याचं मला तेवढं नाही. शनिवार-रविवार दोन दिवस तू ते जवळ ठेवलंस." अब्बांना फोनवर खरं सांगितलं. ते म्हणाले, उस मामा के घर जाके आना. रविवारी उमरीला जाणार आहे.

निकाल डॉक्टरांनी सांगायचा असतो. पण चार वाजता माझा फोन वाजला. वर्षाराणी. आईकडून नंबर घेतला असणार.

"डॉक्टरांचा फोन आलता. तुम्हाला त्याच्यासाठी न्हाई केला," ती म्हणाली. आवाज ड्युटीवरच्या नर्सचा. "एक विचारायचं होतं. या वेळी कागद नक्की माझाच हाय ना?"

पुढच्या माणसाला धीर द्यायची मला मोठी हौस. आज विचारलं तेवढंच सांगितलं. "हो," मी म्हटलं. "तुमचाच आहे. मी दोनदा लावला. मॅडमनी तिसऱ्यांदा."

"हं." मागं लहान पोरीचा आवाज येत होता, मावशी, मावशी करत. "आम्ही दोघांनी ठरवलंय. या पोरीचं बघून राहिलो चार वर्षं. अजून एकीला त्या सुया नकोत." थांबली. "शिवीची सोमवारची रद्द केलेली जागा होती ना, ती डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी ठेवली होती, निकाल बघून सांगा म्हणून. मी त्यांना सांगितलं, ती तशीच ठेवा. नाव तेवढं बदला."

मी रडत होते आणि तिला ते कळू नये म्हणून फोन लांब धरला होता.

"ऐकताय का?"

"हो."

"बदलून कोणतं लिहायचं ते बी त्यांनी विचारलं," ती म्हणाली. "मी दोन्ही सांगितली."